आमच्या दारासमोरचे आठ दिवस

कल्पना कर, तुझा उजवा पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. घर अकराव्या मजल्यावर. शाळा सगळ्यांची चालू आहे, फक्त तुझ्यापुरती बंद. बाबा ऑफिसात. आई आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलेली, आणि ती "पाच मिनिटं हं" म्हणते तेव्हा तास सहज जातो. खिडकीतून बंगळुरातला सर्जापूर रोड दिसतो, पण त्यावरच्या गाड्या हलतच नाहीत, मग बघायचं तरी काय? आणि त्यात तुला गृहपाठ आहे : आठ दिवस कुठल्याही एका गोष्टीचं निरीक्षण करून वहीत लिहायचं.

काय निवडशील? स्वल्प थांब, लगेच सांगू नको. ध्रुवनेही लगेच ठरवलं नव्हतं. दोन दिवस विचार केला होता त्याने.

तो गृहपाठ मी दिला होता. आमच्या बिल्डिंगच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवते. मुलं पुण्या-मुंबई-नागपूरहून इथे नोकरीसाठी आलेल्या घरांतली. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, मराठी फक्त जेवणाच्या ताटावर. मी मात्र इथलीच, जे. पी. नगरात वाढलेली. आमचं घराणं बंगळुरात कधी आलं ते सांगायलाही आता कोणी उरलेलं नाही. माझ्या बोलण्यात कन्नड शब्द डोकावले की मुलांना मजा वाटते. "अक्का परत 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणाल्या!" म्हणून ती एकमेकांना ढोसतात. ढोसू देत. त्या नादात चार वाक्यं मराठीतून बोलतात.

गृहपाठ देताना मी बजावलं होतं, "दिसेल ते लिहायचं. घड्याळ बघून वेळ लिहायची. आणि काही म्हणजे काही गाळायचं नाही."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईबाबाही ऐकायला येतात. त्या दिवशी पन्नासेक माणसं होती. विराटने मुंग्यांवर लिहिलं होतं, कोणी दुधाच्या गाडीवर, कोणी तलावावरच्या बगळ्यांवर. ध्रुवची वही मी सर्वांत शेवटी ठेवली होती, कारण ती सर्वांत चांगली होती. आदल्या संध्याकाळी मी तिची पहिली दोन पानं वाचली होती. अक्षर सुबक, वेळा मिनिटांसकट, आणि वर्तमानपत्र पळवणाऱ्या मांजराचं असं वर्णन की मी एकटीच हसत बसले होते. पुढची पानं मी वाचली नाहीत. वहीवर दहापैकी दहा लिहिलं आणि मिटून ठेवली.

ध्रुव खुर्चीवर बसला, पाय समोरच्या स्टुलावर. त्याने घसा साफ केला. "आमच्या दारासमोरचे आठ दिवस," त्याने शीर्षक वाचलं.

मांजर आलं, गेलं. लोक हसले. कुरिअरवाला चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवून पळाला, त्यालाही हसले. ध्रुवला हुरूप आला. त्याने पान उलटलं.

"सोमवार. दुपारी तीन वाजून चौतीस मिनिटे. समोरच्या घरातली सिद्धी लिफ्टमधून आली. तिने बेल वाजवली. ती मोठ्याने म्हणाली, आई, मी आले, दार उघड. दार उघडले नाही. मग तिने चपलांच्या कपाटातल्या काळ्या गमबुटातून किल्ली काढली आणि स्वतः दार उघडले."

सिद्धी दुसऱ्या रांगेत बसली होती. ध्रुवच्याच वर्गातली, दहा वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी नागपूरहून आलेली. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती आपल्या वहीचा कोपरा दुमडत होती. दुमडता दुमडता तिचा हात थांबला.

"मंगळवार. तीन वाजून एकतीस मिनिटे. सिद्धी आली. बेल वाजवली. आई, मी आले. दार उघडले नाही. गमबूट, किल्ली."

कोणीतरी खुदकन हसलं.

"बुधवार. तीन वाजून चाळीस मिनिटे. आज एक काका जिन्यात फोनवर बोलत उभे होते. सिद्धीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती दाराकडे तोंड करून म्हणाली, बाबा, टीव्हीचा आवाज कमी करा ना. सिद्धीचे बाबा नागपूरला असतात. घरात टीव्ही लागलेला नव्हता."

आता हसू मोठं झालं. लहान मुलं तर खिदळलीच. "टीव्ही लागलेला नव्हता!" विराटने पुन्हा म्हणून दाखवलं.

मला कळलं होतं, मुला. त्या क्षणी कळलं होतं. पण काय सांगू, मी तीस वर्षं वर्गात उभी राहिले, एका शब्दाने गोंगाट थांबवला, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून "पुरे" हा एक शब्द बाहेर पडेना. ध्रुव शेवटच्या परिच्छेदावर पोचलाही होता.

"निष्कर्ष. दुपारी साडेतीनपासून संध्याकाळी सव्वासहापर्यंत त्या घरात सिद्धीशिवाय कोणीही नसते. ती रिकाम्या घराशी का बोलते, ते कळले नाही."

त्याने वही मिटली आणि टाळ्यांची वाट पाहिली.

दोघातिघांनी टाळ्या सुरूही केल्या. मग त्या थांबल्या, कारण मागच्या रांगेतून सिद्धीची आई उठली होती. सुखदा तिचं नाव. बेळ्ळंदूरला ऑफिस, अंतर पाहिलं तर काहीच नाही, पण संध्याकाळी घरी यायला दीड तास. ती ओरडली नाही. हळूच विचारलं, "ध्रुव, हे तू कुठून पाहिलंस?"

"कॅमेऱ्यातून, काकू," ध्रुव म्हणाला. त्याला वाटलं आपलं कौतुकच होतंय. "आमच्या दारावर आहे ना, तो. टॅबवर दिसतं सगळं. आवाजपण येतो. एकदम क्लिअर."

"आवाज पण येतो," सुखदा म्हणाली. तिने खुर्चीची पाठ धरली.

ध्रुवचे बाबा, शुभंकर, लगबगीने पुढे आले. "सुखदा, एक मिनिट, प्लीज. गैरसमज नको. पार्सलं चोरीला जात होती म्हणून लावला कॅमेरा. आणि पॅसेज कॉमन आहे ना? तिथे कोणीही बघू शकतं."

"कोणीही बघू शकतं आणि रोज कोणीतरी लिहून ठेवतं, यात काही फरक नाही का?"

"अहो, लहान आहे तो. आणि उलट बघा, सिद्धी एकटी असते तर कॅमेरा असलेला चांगलाच. सेफ्टी आहे."

"सेफ्टी?" सुखदा हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "माझी मुलगी दुपारी घरात एकटी असते हे या बिल्डिंगमध्ये तीन महिने कोणालाही माहीत नव्हतं. कामवाल्या बाईलाही नाही, वॉचमनलाही नाही. मीच शिकवलंय तिला, बेल वाजव, मोठ्याने हाक मार, जिन्यात कोणी असेल तर बाबांशी बोलल्यासारखं कर. आता किल्ली कुठल्या बुटात आहे तेही पन्नास लोकांना पाठ झालंय. कॅमेऱ्याने केली ही सेफ्टी."

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या अंजलीने "अय्यो!" म्हणून तोंडावर हात ठेवला. तिच्या हातात फोन होता. मुलांचं वाचन ती दर वेळी शूट करते.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"अक्का, मी... मी पाठवलाय व्हिडिओ. कौतुकाने. बिल्डिंगच्या ग्रुपवर."

"मराठी मंडळाच्या ना?"

"नाही हो. मोठ्या ग्रुपवर. सगळ्या टॉवर्सच्या." तिची बोटं भराभर चालत होती. "केला. डिलीट केला, सगळ्यांकडून. पण अक्का, एक्केचाळीस जणांनी उघडून पाहिलाय."

एक्केचाळीस. त्यांतल्या किती जणांना मराठी कळतं, याचा हिशोब प्रत्येक जण मनात करत होता, आणि कोणाचाच जमत नव्हता.

"किती दिवसांचं साठतं त्यात?" सुखदाने शुभंकरला विचारलं.

"तीस दिवस. मग आपोआप जातं."

"मी त्या पॅसेजमध्ये येऊन फोनवर बोलते," सुखदा म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "सिद्धीला ऐकू जाऊ नये म्हणून दार ओढून घेऊन बाहेर येते. तुमच्या दाराशेजारी उभी राहते."

शुभंकर खाली बघू लागला. त्याचे कान लाल झाले. चंदना, ध्रुवची आई, बाजूलाच उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू ऐकलंयस?" तिने विचारलं. "शुभंकर, मी काय विचारतेय? ऐकलंयस का तू?"

तो दोन पावलं मागे सरला, आणि मग चंदनाने पुन्हा विचारलंही नाही.

या सगळ्यात आम्ही मोठी माणसं सिद्धीला विसरलो होतो. ती कधी उठली ते कळलं नाही. ती आईच्या ओढणीला धरून उभी होती आणि घाईघाईने बोलत होती. "आई, मी नाही सांगितलं कोणाला. शप्पथ. स्कूल बसमध्येपण नाही. तू म्हणाली होतीस ना सांगायचं नाही, मी नाही सांगितलं."

सुखदाने तिला जवळ घेतलं. चुकून माझ्याकडे नजर गेली तेव्हा तिने ती लगेच वळवली.

मी पुढे गेले. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "मीच सांगितलं होतं, काही गाळू नको. आणि वही पूर्ण वाचायचे कष्ट मीच घेतले नाहीत."

ते खरं होतं, पण त्याने कोणाचं काही भलं होत नव्हतं. सिद्धीने ते ऐकलंही नसावं. ती ध्रुवकडे बघत होती. रडत नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं.

"तुला दिसत होतं ना मी एकटी आहे ते?" ती म्हणाली. "रोज दिसत होतं. तू पण घरातच होतास. मग तू दार का नाही उघडलंस?"

ध्रुवने प्लास्टरकडे बोट दाखवलं. "माझा पाय..." तो म्हणाला आणि गप्प झाला. पाय मोडला असला तरी तो कुबड्या घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातो, बाल्कनीत जातो, हे त्याच्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. मी मुलांचे खूप चेहरे पाहिले आहेत, पण आपणच लिहिलेलं आपल्याला पहिल्यांदा कळलं की मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी मी अकराव्या मजल्यावर गेले. सुखदाने दार उघडलं, मला आत घेतलं, पाणी दिलं. चपलांचं कपाट तिने घरात ओढून घेतलं होतं. हॉलच्या मधोमध ते अडगळीसारखं उभं होतं.

"कुलूप बदलणाऱ्याला फोन केलाय," ती म्हणाली. "उद्या सुट्टी टाकलीय. पण परवा काय करू, अक्का? तेरवा काय करू?"

"माझ्याकडे पाठव. नवव्या मजल्यावर तर मी."

"तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "बघते." तिचं चुकलं नव्हतं. सकाळी तिच्या मुलीचं गुपित माझ्या वर्गात फुटलं होतं. लगेच हो कशी म्हणेल?

बेल वाजली. आम्ही तिघी दचकलो. सिद्धी दाराशी गेली, पण तिने दार उघडलं नाही. "कोण?"

"मी. ध्रुव." मग कुबडी आपटल्याचा आवाज. "दार नाही उघडलंस तरी चालेल."

सिद्धीने साखळी लावली आणि चार बोटं फट केली. मी तिच्या मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. ध्रुव एका पायावर तोल सावरत उभा होता, हातात बाबांचा फोन. मागे त्यांच्या दारात शुभंकर स्टुलाशेजारी उभा होता आणि चंदना हाताची घडी घालून.

"पप्पा कॅमेरा काढणार होते," ध्रुव म्हणाला. "मग त्यांना एक सेटिंग सापडलं. स्क्रीनवर जेवढं काळं करू तेवढं त्याला दिसत नाही, रेकॉर्डपण होत नाही. ते मला म्हणाले, समोरचं दार काळं कर. पण मला काय माहीत कुठपर्यंत करायचं? तू सांग."

त्याने फोन फटीतून तिच्यासमोर धरला. स्क्रीनवर हाच पॅसेज होता, आणि त्या पॅसेजमध्ये पाठमोरा ध्रुव, आणि दाराच्या फटीत सिद्धीचा एक डोळा. तिने स्वतःला असं पहिल्यांदाच पाहिलं. ती एक पाऊल मागे सरली.

"इतकं दिसतं?"

"हो."

ती परत पुढे झाली. मग म्हणाली, "दार."

ध्रुवने बोटाने काळी चौकट ओढली. दार गेलं.

"बेल. आणि तिथे मी उभी राहते ती जागा."

तीही गेली.

"आई फोनवर बोलते ती भिंत."

"अरे, मग राहिलं काय?" शुभंकर मागून म्हणाला. "लिफ्टपर्यंत गेलात की काय तुम्ही? उपयोग काय मग कॅमेऱ्याचा?"

"शुभंकर," चंदना एवढंच म्हणाली.

"लिफ्टपण," सिद्धी म्हणाली.

ध्रुवने मागे पाहिलं नाही. त्याने चौकट ओढली. स्क्रीनवर आता फक्त त्यांच्याच दारापुढचं पायपुसणं उरलं होतं. "आवाज मी आधीच बंद केलाय," तो म्हणाला. "आणि जुन्या सगळ्या क्लिप्स. आईने माझ्यासमोर डिलीट केल्या. पप्पांनीपण."

सिद्धी दार लावणार तेवढ्यात ध्रुव घाईने म्हणाला, "काकू घरी नसतील तेव्हा मी दार उघडून बसू? तू यायच्या वेळेला. आई म्हणाली चालेल. म्हणजे तुला पटलं तरच."

सिद्धीने आईकडे वळून पाहिलं. सुखदा सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शुभंकरशी ती पुढे कित्येक दिवस बोलली नाही, तेही तुला सांगून ठेवते.

"माझ्याकडे बघत बसायचं नाही," सिद्धी म्हणाली.

"मग काय करू?"

"पुस्तक वाच." आणि तिने दार लावलं.

मंगळवारी दुपारी मी जिन्याने दोन मजले चढून वर गेले. ध्रुवची वही मला परत द्यायची होती. त्यातलं दहापैकी दहा मी खोडलं होतं आणि दुसरं काय लिहावं ते न सुचल्यामुळे तिथे काहीच लिहिलं नव्हतं. वर पोचले तर शुभंकरच्या घराचं दार सताड उघडं. चंदना आत मीटिंगमध्ये बोलत होती. ध्रुवने प्लास्टिकची खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढून आणली होती, प्लास्टरचा पाय स्टुलावर, मांडीवर पुस्तक. टॅब जवळपास कुठेही नव्हता. मी पायरीवरच थांबले.

तीन वाजून तेहतीस मिनिटांनी लिफ्टची घंटी वाजली. लिफ्टचं दार सरकलं. पाठीला दप्तर लावलेली सिद्धी बाहेर आली आणि रोजच्या सवयीने तिने तोंड उघडलं.

ध्रुवने झटकन पुस्तक वर उचललं, आपला चेहरा त्याच्या मागे पुरता झाकून घेतला आणि पानांआडूनच मोठ्याने विचारलं, "आलीस?"